शरीराच्या पहारेकऱ्यांना ओळखणारा माणूस : इल्या मेचनिकॉफ

ऑपरेशन यशस्वी झालं, असं डॉक्टर सांगतात. हृदयाची बायपास असो, झडप बदलायची असो की पोटातली मोठी शस्त्रक्रिया असो, घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. मग दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी लघवी कमी होते, रक्तातलं क्रिएटिनिन वाढतं आणि किडनीला मार बसलाय, असं कानावर येतं. ज्या किडनीला कुणी हातसुद्धा लावला नव्हता, तिला मार कसा बसला, हे घरच्यांना कळत नाही.

या प्रश्नाचं अर्धं उत्तर रक्तपुरवठ्यात आहे आणि उरलेलं अर्धं आपल्याच रोगप्रतिकारशक्तीत. शरीराचं रक्षण करणाऱ्या पांढऱ्या पेशी अशा वेळी किडनीत शिरतात आणि तिथे मदतही करतात, मोडतोडही करतात. या पेशी मुळात पहारेकरी आहेत हे जगाला ठासून सांगितलं इल्या मेचनिकॉफ यांनी. ते डॉक्टर नव्हते, प्राणिशास्त्रज्ञ होते. मुंबईतल्या परळची हाफकिन संस्था ज्यांच्या नावानं ओळखली जाते, त्या वाल्डेमार हाफकिन यांचे ते गुरू. आज दह्याच्या जाहिरातीत जे 'चांगले जंतू' ऐकू येतात, त्यांचं बोलणंही बरंचसं याच माणसापासून सुरू होतं.

पाऱ्यासारखा पोरगा

मेचनिकॉफ यांचा जन्म मे 1845 चा. गाव खारकोवजवळचं, म्हणजे आजच्या युक्रेनमधलं. तेव्हा तो सगळा मुलूख रशियन झारचा होता. वडील झारच्या सैन्यातले अधिकारी, आई मूळच्या ज्यू घराण्यातली. पाच भावंडांत इल्या शेंडेफळ. एका जागी बसणं त्याला ठाऊकच नव्हतं, म्हणून घरात त्याला पारा म्हणत. पानं, फुलं, किडे गोळा करायचे, त्यांच्यावर भाषण द्यायचं आणि भावंडांनी ऐकावं म्हणून स्वतःच्या खाऊच्या पैशातून त्यांना पैसे द्यायचे, अशी त्याची तऱ्हा.

खारकोवच्या विद्यापीठातला चार वर्षांचा अभ्यासक्रम त्यानं दोन वर्षांत संपवला. मग जर्मनी, मग इटलीतलं नेपल्स. समुद्रातल्या साध्यासुध्या जिवांचा अभ्यास हा त्याचा ध्यास झाला. जर्मनीत असताना एका चपट्या किड्यात त्याला दिसलं, की अन्न पोटाच्या पोकळीत न पचता थेट पेशींच्या आत पचतंय. ही गोष्ट तेव्हा कुणाला फार मोठी वाटली नाही, पण त्याच्या डोक्यात ती राहिली. पंचविशी ओलांडायच्या आतच ओडेसाच्या विद्यापीठात तो प्राध्यापक झाला.

दोनदा मरणाच्या दारात

कर्तृत्व लवकर आलं, तसंच दुःखही. 1869 मध्ये ल्युडमिला या तरुणीशी त्यांचं लग्न झालं. तिला क्षय होता. लग्नाच्या दिवशी चालवेना, म्हणून तिला खुर्चीत बसवून चर्चमध्ये न्यावं लागलं. क्षयावर तेव्हा औषध नव्हतं. हवापालट एवढाच उपाय. पुढची चार वर्षं तिला जगवण्यात गेली. पैसे पुरावेत म्हणून मेचनिकॉफ भाषांतरं करत, शिकवत, डोळे दुखेपर्यंत सूक्ष्मदर्शकावर बसत. 1873 मध्ये पोर्तुगालच्या मदैरा बेटावर ल्युडमिला गेली.

अठ्ठावीस वर्षांच्या त्या माणसाला जगण्यात अर्थ दिसेना. त्यांनी अफूचा मोठा डोस घेतला. डोस इतका मोठा होता, की उलटी झाली आणि जीव वाचला. सांगतात, की त्याच सुमारास दिव्याभोवती झेपावणारे अल्पायुषी किडे पाहून त्यांच्या मनात उत्क्रांतीचा एक प्रश्न उभा राहिला आणि त्या प्रश्नानं त्यांना परत जगण्याकडे ओढलं.

दोन वर्षांनी त्यांनी ओल्गा या तरुण विद्यार्थिनीशी लग्न केलं. ही जोडी शेवटपर्यंत टिकली. पुढे चित्रकार आणि शिल्पकार झालेल्या ओल्गाबाईंनीच त्यांचं चरित्र लिहिलं. पण संकटं संपली नव्हती. ओल्गाला टायफॉइड झाला, तोही जिवावरचा. विद्यापीठात राजकारण माजलं होतं. 1881 मध्ये झार दुसऱ्या अलेक्झांडरची हत्या झाली आणि वातावरण आणखी गढूळ झालं. मेचनिकॉफ पुन्हा खचले. या वेळी त्यांनी उलटून येणाऱ्या तापाच्या रोग्याचं रक्त स्वतःला टोचून घेतलं. मेलो तर घरच्यांना आत्महत्येचा कलंक नको आणि हा ताप रक्तातून पसरतो का तेही कळेल, असा हिशेब. ताप आला, चांगलाच आला. पण ते वाचले.

याच वर्षी त्यांचा भाऊ इव्हान गेला. न्यायखात्यातला अधिकारी असलेल्या या भावाच्या मरणावरूनच टॉलस्टॉय यांना 'इव्हान इलिचचा मृत्यू' ही कथा सुचली. मरण या विषयानं मेचनिकॉफ यांची पाठ आयुष्यभर सोडली नाही, यात मग नवल काय.

मेसिनाचा काटा

1882 मध्ये त्यांनी ओडेसाची नोकरी सोडली. ओल्गाच्या माहेरची थोडीफार इस्टेट मिळाली होती. तिची लहान भावंडंही आता यांच्याच पदरात होती. सगळं बिऱ्हाड इटलीत सिसिली बेटावरच्या मेसिना गावी आलं. समुद्रकाठचं घर आणि दिवाणखान्यातच प्रयोगशाळा.

वर्षाच्या शेवटी एके दिवशी घरची मंडळी सर्कशीतली शिकवलेली माकडं बघायला गेली होती. मेचनिकॉफ एकटेच सूक्ष्मदर्शकापाशी बसले होते. समोर ताऱ्याच्या आकाराच्या समुद्रजीवाची अळी होती. ही अळी काचेसारखी पारदर्शक असते आणि तिच्या आत फिरणाऱ्या पेशी जिवंतपणी दिसतात. त्या पेशींकडे बघता बघता त्यांना वाटलं, अन्न गिळणाऱ्या या पेशी बाहेरून घुसलेल्या शत्रूलाही गिळत असतील का?

विचार खरा की खोटा हे तपासायला यंत्रसामग्री लागली नाही. ते बागेत गेले, गुलाबाचे बारीक काटे तोडून आणले आणि अळीच्या कातडीखाली टोचले. त्या अळीला रक्तवाहिन्या नव्हत्या. तिथे पेशी जमल्याच, तर त्या स्वतःहून जमल्या असणार. रात्रभर झोप लागली नाही. सकाळी पाहिलं, तर काट्याभोवती पेशींचा गराडा पडला होता. आपल्या बोटात कुसळ गेल्यावर जो पू होतो, त्याचंच हे मूळ रूप होतं.

त्या काळी वैद्यकाची समजूत वेगळी होती. पांढऱ्या पेशींत जंतू दिसत, पण या पेशी जंतूंना अंगभर वाहून नेतात, असं पुष्कळ डॉक्टर मानत. सूज आणि पू म्हणजे नुसता रोग. मेचनिकॉफ यांनी ही समजूत उलटी केली. सूज ही शरीरानं उभी केलेली लढाई आहे आणि पांढऱ्या पेशी तिच्यातले शिपाई, असं त्यांचं म्हणणं. जर्मनीचे थोर रोगशास्त्रज्ञ रुडॉल्फ व्हिर्शो मेसिनाला आले असताना त्यांनी हे प्रयोग पाहिले आणि प्रोत्साहन दिलं. व्हिएन्नात या पेशींना फॅगोसाइट हे ग्रीक नाव मिळालं, म्हणजे भक्षक पेशी. मेचनिकॉफ यांनी त्यांचे दोन गट केले. मोठ्या त्या मॅक्रोफाज, हे नाव आजही तसंच आहे. लहान त्या मायक्रोफाज, ज्यांना आपण आज रक्ताच्या रिपोर्टमध्ये न्यूट्रोफिल म्हणून वाचतो.

ओडेसा सुटलं, पॅरिस मिळालं

1886 मध्ये ओडेसात पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्यावर पाश्चर यांची लस देणारं केंद्र निघालं आणि मेचनिकॉफ त्याचे प्रमुख झाले. पण हा माणूस डॉक्टर नाही, म्हणून स्थानिक डॉक्टर विरोधात. त्यातच ते रजेवर असताना मेंढ्यांना अँथ्रॅक्सची लस टोचताना घोटाळा झाला आणि हजारो मेंढ्या मेल्या. 1888 मध्ये ते रशिया सोडून पॅरिसला गेले. लुई पाश्चर यांनी नव्या संस्थेत त्यांना प्रयोगशाळा दिली. पुढची 28 वर्षं, शेवटच्या श्वासापर्यंत, तेच त्यांचं घर.

ओडेसातला त्यांचा विद्यार्थी हाफकिन ज्यू होता. रशियात त्याच्या पुढच्या वाटा बंद होत्या. मेचनिकॉफ यांच्या मदतीनं त्याला पाश्चर संस्थेच्या ग्रंथालयात छोटीशी नोकरी मिळाली. तिथेच त्यानं पटकीची लस तयार केली. 1893 मध्ये तो हिंदुस्थानात आला आणि 1896 मध्ये मुंबईत प्लेग फुटल्यावर ग्रँट मेडिकल कॉलेजात प्लेगची लस केली. जानेवारी 1897 मध्ये ती आधी स्वतःला टोचून घेतली. पुढे हुबळीत आणि बडोद्याजवळच्या उंढेरा गावात ही लस मोठ्या प्रमाणावर दिली गेली. सीमेच्या अलीकडे-पलीकडे ज्या घरांत प्लेगच्या साथीत गाव सोडून रानात झोपड्या बांधून राहिल्याच्या गोष्टी अजून सांगतात, त्या घरांशी मेचनिकॉफ यांचं नातं असं शिष्यामार्फत जुळतं.

वीस वर्षांचं भांडण

पॅरिसमध्ये मान मिळाला, तरी जर्मनीतल्या शास्त्रज्ञांना पेशींची ही गोष्ट पटेना. 1890 मध्ये बेरिंग आणि किटासाटो यांनी दाखवलं, की धनुर्वात आणि घटसर्पाचं विष रक्तातल्या द्रवामुळेच निष्प्रभ होतं. मग पेशी कशाला हव्यात, असा सवाल आला. एका बाजूला पेशीवाले, दुसऱ्या बाजूला द्रववाले. 1870 च्या युद्धापासून फ्रान्स-जर्मनीचं फाटलं होतंच, त्याची धगही या वादाला लागली.

मेचनिकॉफ भांडायला कचरत नसत. परिषदेत बोलताना त्यांचे केस विस्कटायचे, चेहरा लाल व्हायचा. पण त्यांचा मोठेपणा असा, की त्यांच्याच प्रयोगशाळेत काम करणाऱ्या ज्यूल बोर्दे यांनी 1895 मध्ये रक्तातल्या कॉम्प्लिमेंट या द्रव घटकाचं कार्य दाखवलं. गुरूच्या मताला धक्का देणारं हे काम गुरूच्याच छपराखाली झालं आणि त्याच कामासाठी बोर्दे यांना पुढे नोबेल मिळालं.

शेवटी दोन्ही बाजू खऱ्या निघाल्या. द्रवातले घटक जंतूंना जणू खूण करतात आणि मग पेशी त्यांना गिळतात. 1908 चं नोबेल मेचनिकॉफ आणि द्रववाल्यांचे पॉल एर्लिख यांना मिळून देण्यात आलं. त्याच डिसेंबरच्या 28 तारखेला भूकंपानं मेसिना गाव जमीनदोस्त झालं. ज्या गावानं त्यांना काट्याचा प्रयोग दिला, ते गाव उरलं नाही.

दही, आतडं आणि म्हातारपण

पन्नाशीनंतर मेचनिकॉफ म्हातारपणाच्या मागे लागले. माणूस लवकर का थकतो? त्यांचं उत्तर होतं, मोठ्या आतड्यातल्या सडक्या जंतूंच्या विषामुळे. बल्गेरियातली माणसं आंबट दूध पितात आणि पुष्कळ जगतात, अशी माहिती त्यांच्यापर्यंत आली होती. दह्यातले जंतू आतड्यातली सड थांबवतील असं मानून ते स्वतः रोज आंबवलेलं दूध पिऊ लागले. बघता बघता युरोप-अमेरिकेत दह्याची लाट आली. जेवणानंतर वाटीभर ताक घेणाऱ्या मराठी माणसाला यात नवल वाटायचं कारण नाही, पण पॅरिसच्या दुकानांत तेव्हा ती नवलाई होती.

याच विचाराची दुसरी बाजू मात्र कडू निघाली. मोठं आतडं माणसाला नकोच आहे, इथपर्यंत ते गेले होते. लंडनचे नामवंत शल्यचिकित्सक आर्बथनॉट लेन यांनी असल्याच विचारांच्या आधारावर बद्धकोष्ठतेच्या रोग्यांची धडधाकट मोठी आतडी कापून काढली. त्या काळात अँटिबायोटिक नव्हती. त्यात काही रोगी दगावले. ही पद्धत पुढे टीकेपुढे टिकली नाही. थोर माणसाचा अंदाज शस्त्रक्रियेच्या टेबलावर गेला, की त्याची किंमत रोगी मोजतो, याचं हे उदाहरण.

मेचनिकॉफ यांनी आणखी एक गोष्ट मांडली होती, तिच्याकडे त्या वेळी फारसं लक्ष गेलं नाही. बेडकाच्या पिल्लाची शेपूट गळते तेव्हा तिचा मोडलेला भाग भक्षक पेशीच खातात, हे त्यांनी पाहिलं होतं. म्हातारपणी याच पेशी आपल्याच शरीराचे नाजूक भाग कुरतडतात, असंही त्यांना वाटे. तपशिलात ते चुकले, पण पहारेकरी घरच्यांवरही उलटू शकतो, ही जाणीव त्यांना होती.

किडनीपर्यंत पोचणारी गोष्ट

शस्त्रक्रियेनंतरची किडनी समजायला नेमकी हीच जाणीव लागते. दोन्ही किडन्यांचं वजन शरीराच्या अर्ध्या टक्क्याच्या आसपास, पण हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा जवळजवळ पाचवा हिस्सा त्यांच्याकडे जातो. तरी किडनीचा आतला भाग जेमतेम प्राणवायूवरच चालतो. मोठ्या शस्त्रक्रियेत रक्तदाब खाली गेला, रक्त फार गेलं किंवा हृदय थांबवून यंत्रावर रक्ताभिसरण चालवलं, की तिथल्या नळ्यांच्या पेशी गुदमरतात. मग रक्त पुन्हा जोरात येतं आणि खरी गडबड तिथून सुरू होते.

जखमी पेशींतून धोक्याचे रासायनिक संदेश बाहेर पडतात. जंतू एकही नसतो, पण शरीराला वाटतं हल्ला झाला. काही तासांत न्यूट्रोफिल तिथे पोचतात. बोर्दे यांनी दाखवलेलं कॉम्प्लिमेंटही जागं होतं. हृदयाच्या ऑपरेशनमध्ये रक्त यंत्राच्या प्लास्टिक नळ्यांतून फिरतं, तेवढ्यानंही ते चाळवतं. बारीक रक्तवाहिन्या तुंबतात, सूज वाढते आणि आधीच थकलेल्या नळ्यांचं आणखी नुकसान होतं. गुलाबाच्या काट्याभोवती जो गराडा पडला होता, तोच इथे काटा नसताना पडतो.

मागून मॅक्रोफाज येतात आणि त्यांचं वागणं दुहेरी असतं. सुरुवातीला ते आग भडकवतात, काही दिवसांनी तेच मेलेल्या पेशी उचलून डागडुजीला हातभार लावतात. उंदरांवरच्या प्रयोगांत हे स्पष्ट दिसलं. मॅक्रोफाज आधीच काढून टाकले तर इजा कमी झाली, पण उशिरा काढले तर किडनी भरून यायला वेळ लागला. सूज रेंगाळली, तर जागोजागी व्रण राहतो आणि काही रोग्यांना पुढे किडनीचा कायमचा आजार लागतो.

म्हणूनच सूज दाबून टाका, असा सरधोपट उपाय चालत नाही. हृदयाच्या शस्त्रक्रियेत स्टेरॉइड देऊन पाहण्याचा मोठा अभ्यास 18 देशांत 7,507 रोग्यांवर झाला. 2015 मध्ये त्याचे निष्कर्ष आले. त्यात किडनी वाचवायला स्टेरॉइडचा फायदा दिसला नाही. आजही भर आहे तो आधीच्या काळजीवर. रक्तदाब आणि शरीरातलं पाणी सांभाळायचं, किडनीला घातक वेदनाशामकं टाळायची, मधुमेह किंवा जुना किडनीचा त्रास असेल तर ऑपरेशनच्या आधीच डॉक्टरांना सांगायचं. क्रिएटिनिन 48 तासांत 0.3 नं जरी वाढलं, तरी डॉक्टर त्याला किडनीची इजा मानतात. क्रिएटिनिन मुळात उशिरा वाढतं, त्यामुळे लघवीचं माप ठेवणाऱ्या नर्सताईंची वही इथे मोलाची ठरते.

शेवटची नोंद

1909 मध्ये मेचनिकॉफ टॉलस्टॉय यांना भेटायला त्यांच्या यास्नाया पोल्याना या गावी गेले. एकाचा भरवसा विज्ञानावर, दुसऱ्याचा श्रद्धेवर. दोघांच्या मधे इव्हान इलिचच्या मरणाची ती कथा होतीच. 1911 मध्ये, वयाच्या 66 व्या वर्षी, ते क्षय आणि प्लेगच्या अभ्यासासाठी काल्मिक लोकांच्या माळरानावर गेले. ज्या रोगानं पहिली बायको नेली, त्याचा पाठपुरावा त्यांनी सोडला नव्हता.

मग पहिलं महायुद्ध आलं. पाश्चर संस्थेतली तरुण मुलं आघाडीवर गेली, प्रयोगशाळा ओस पडल्या. हृदय आधीपासून कमजोर होतंच. अंथरुणावर पडल्यावरही ते स्वतःची लक्षणं टिपून ठेवत आणि आपल्या मरणानंतर आतडी नीट तपासा, असं त्यांनी सहकारी डॉक्टरला सांगून ठेवलं होतं. जुलै 1916 मध्ये, एकाहत्तराव्या वर्षी, ते गेले. दही खाऊनही शंभरी गाठता आली नाही. त्यांच्या अस्थी पाश्चर संस्थेच्या ग्रंथालयात ठेवल्या आहेत. हाफकिनला त्यांच्या मदतीनं नोकरी मिळाली, तीही याच संस्थेच्या ग्रंथालयात.